ओक्लाहोमा सिटीतले नऊ दिवस : महिला कॉलेज सॉफ्टबॉल वर्ल्ड सिरीज, २०२५

बुधवार, २८ मे : पोहोचण्याचा दिवस

डॅलसहून ओक्लाहोमा सिटी म्हणजे इंटरस्टेट ३५ ने सरळ उत्तरेला सुमारे ३३० किलोमीटर. वाटेत फार न थांबता सव्वातीन-साडेतीन तास लागतात. डॅलस परिसरातल्या मराठी कुटुंबांना ही स्पर्धा म्हणूनच शनिवार-रविवारी जमण्यासारखी आहे. लांबून येणाऱ्यांनी विल रॉजर्स विमानतळावर उतरून गाडी भाड्याने घ्यावी. मैदान शहराच्या ईशान्येला आहे, विमानतळ नैर्ऋत्येला, आणि सार्वजनिक वाहतुकीवर विसंबून रात्री उशिरा परतणं अवघड जातं.

मैदानाचं नाव आता डेव्हन पार्क. १९८७ साली ते सुरू झालं, आणि १९९० पासून एक १९९६ चं वर्ष सोडलं (त्या साली स्पर्धा जॉर्जियातल्या कोलंबसला झाली) तर ही स्पर्धा इथेच होते. वरचा मजला बांधल्यावर सुमारे १३,००० प्रेक्षक बसतात. शेजारी प्राणिसंग्रहालय आहे, त्यामुळे हॉटेल शोधताना तो भाग नकाशावर सहज सापडतो. पण स्पर्धेच्या आठवड्यात जवळच्या खोल्यांचे दर चढतात. उत्तरेला एडमंड किंवा दक्षिणेला नॉर्मन इथे राहिलं तर पैसे वाचतात आणि गाडीने अर्ध्या तासाच्या आत मैदान गाठता येतं.

आजच एक काम उरकून टाकावं : तिकिटं नीट वाचून ठेवावीत. तिकीट दिवसाचं नसतं, सत्राचं असतं. गुरुवारी चार सामने असतात, दोन दिवसाच्या सत्रात आणि दोन संध्याकाळच्या. पहिलं सत्र संपलं की स्टेडियम रिकामं करतात आणि दुसऱ्या सत्राला नव्या तिकिटावर आत सोडतात. पहिल्यांदा येणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. सगळ्या सत्रांचं एकत्र तिकीट मिळालं तर तेच घ्यावं. बॅग पारदर्शकच हवी, १२ बाय ६ बाय १२ इंचांच्या आत. पाठीवरची नेहमीची सॅक गाडीतच राहू द्या.

गुरुवार, २९ मे : चार सामने

इथवर विद्यापीठांचे आठच संघ पोहोचतात. ६४ संघांतून १६ ठिकाणी प्रादेशिक फेरी, मग आठ ठिकाणी दोन-दोन संघांची तीन सामन्यांची झुंज, आणि त्यातून हे आठ. त्यांचे चार-चारचे दोन गट. दोनदा हरलं की घरी. दोन्ही गटांचे विजेते शेवटी तीन सामन्यांच्या अंतिम मालिकेत भिडतात. ही मालिकेची पद्धत २००५ पासूनची.

हिशेब इथेच करून ठेवला तर पुढचे नऊ दिवस उलगडतात. गुरुवारी जिंकलेला संघ शनिवारी आणि सोमवारी एकेक सामना जिंकून अंतिम मालिकेत जातो, म्हणजे एकूण तीन सामने. गुरुवारी हरलेल्या संघाला शुक्रवार, रविवार आणि सोमवारी दोन असे चार विजय लागतात. तीन सामने आणि पाच सामने यांतला फरक पिचरच्या दंडावर पडतो. एका पूर्ण सामन्यात पिचर साधारण १०० ते १२० चेंडू टाकते. बॅटिंग कितीही जोरदार असो, ही स्पर्धा कोणत्या दिवशी कोणाचा हात ताजा आहे यावर ठरते, असं आमचं ठाम मत आहे. म्हणून धावफलकाइतकंच लक्ष कुंपणाजवळ सराव करणाऱ्या राखीव पिचरकडे ठेवावं.

जळगाव, पुणे, नाशिक, अमरावतीकडे शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना मैदान ओळखीचं वाटेल : बेसमधलं अंतर ६० फूट, पिचरच्या पट्टीपासून होम प्लेट (बॅटर उभी राहते ती जागा) ४३ फूट, चेंडूचा घेर १२ इंच, सात इनिंग. पाच इनिंगनंतर आठ धावांची आघाडी असली की सामना तिथेच संपतो. वेगळा आहे तो वेग. ताशी ७० मैलांचा, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरचा चेंडू पिचरच्या हातातून सुटतो तेव्हा ती पाऊल टाकून पाच-सहा फूट पुढे आलेली असते. बॅटरपर्यंत तो चार दशांश सेकंदाच्या आतच येतो. टेनेसीची कार्लिन पिकन्स त्याही पुढची. याच मे महिन्यात तिच्या चेंडूची नोंद ताशी ७९.४ मैल, म्हणजे जवळजवळ १२८ किलोमीटर झाली. कॉलेज सॉफ्टबॉलमधला हा विक्रम आहे.

पहिल्या दिवशी तिलाच फटका बसला. टेनेसी ३-१ ने पुढे होती, ओक्लाहोमाची सातवी इनिंग. दोघी बेसवर असताना एला पार्करने पिकन्सला होम रन (कुंपणापारचा फटका; बॅटर आणि बेसवरच्या सगळ्यांच्या धावा होतात) मारला आणि सामना ४-३ असा फिरला. इतक्या वेगाच्या चेंडूला उंच मारणं अवघड, पण बॅट बरोबर लागली की तोच वेग चेंडू कुंपणापार नेतो. होम प्लेटपासून कोपऱ्यातलं कुंपण २०० फुटांवर आहे, मधलं २२० फुटांवर. टेक्ससने फ्लोरिडाला ३-० ने हरवलं, टेक्सस टेकने ओले मिसला (मिसिसिपी विद्यापीठ) १-० ने. रात्री यूसीएलएने (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) ओरेगनवर ४-२ अशी मात केली, तीही जॉर्डन वूलरीच्या शेवटच्या होम रनवर.

बसायचं कुठे? पिचिंग समजून घ्यायचं असेल तर होम प्लेटच्या मागे. राइज बॉल आणि ड्रॉप बॉल यांतला फरक बाजूने कळत नाही. राइज बॉल खरं तर वर चढत नाही; उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी पडतो, आणि बॅट त्याच्या खालून जाते. चेंज-अपला हाताचा वेग तोच ठेवून चेंडू हळू सोडलेला असतो. बॅटरचा पुढचा पाय लवकर पडला आणि अंग पुढे झुकलं, की ती फसली. धावणं, चोरलेले बेस आणि डावखुऱ्या स्लॅपरची पळापळ पाहायची तर पहिल्या बेसच्या बाजूला बसावं. स्लॅपर चेंडू येत असतानाच पिचरच्या दिशेने पळू लागते आणि पळतापळता तो जमिनीवर ढकलते. चपळ मुलगी होम प्लेटपासून पहिल्या बेसला तीन सेकंदांच्या आत पोहोचते. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फिल्डर) चेंडू उचलताना जरा चाचपडलं की ती सेफ.

शुक्रवार, ३० मे : हरणाऱ्यांचा दिवस

सामने दोनच, तेही संध्याकाळी. टेनेसीने फ्लोरिडाला ११-३ असं लवकर गुंडाळलं. ओरेगनने ओले मिसला ६-५ ने घरी पाठवलं. फ्लोरिडाचे प्रशिक्षक टिम वॉल्टन यांनी २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवली आहेत. त्यांचा संघ दोन दिवसांत बाहेर पडावा यातच या स्पर्धेची धार दिसते.

दिवसभर मोकळा असतो, तेव्हा मैदानाच्या आवारातलं नॅशनल सॉफ्टबॉल हॉल ऑफ फेम पाहून घ्यावं. तास-दीड तास पुरतो. स्कोअर लिहिण्याची वही सोबत असेल तर आज तिचा सराव करावा. खेळाडूंचे स्थानक्रमांक ठरलेले आहेत : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने पहिल्या बेसला टाकून आउट केलं तर ६-३, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) म्हणजे के. वहीत गोंधळ होतो तो डी.पी. (डेझिग्नेटेड प्लेयर) आणि फ्लेक्समुळे. दहा नावं असतात, नऊ जणी बॅटिंग करतात. फ्लेक्स फक्त फिल्डिंग करते (बहुधा पिचरच) आणि तिच्या जागी डी.पी. बॅट घेते. शिवाय सुरुवातीच्या अकरात, म्हणजे इथे दहात, असलेली खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते, आपल्याच बॅटिंगक्रमावर. त्यामुळे नाव खोडू नये, शेजारी इनिंगचा आकडा लिहावा.

शनिवार, ३१ मे : टेक्सस विरुद्ध ओक्लाहोमा

ओक्लाहोमा विद्यापीठ इथून जेमतेम अर्ध्या तासावरच्या नॉर्मनचं. त्यामुळे तटस्थ म्हणवणाऱ्या या मैदानात गर्दीचा मोठा भाग त्यांच्या गडद लाल रंगाचा असतो. पॅटी गॅसो १९९५ पासून तिथे मुख्य प्रशिक्षक आहेत. २०००, २०१३, २०१६, २०१७ आणि मग २०२१ ते २०२४ सलग चार, अशी आठ विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. सलग चार कोणालाच जमली नव्हती. यूसीएलएने १९८८ ते १९९० अशी तीन जिंकली होती.

गॅसोंचं वेगळेपण पिचरच्या वापरात दिसतं. २०२१ ला त्यांचा संघ पहिलाच सामना जेम्स मॅडिसन विद्यापीठाकडून ४-३ ने हरला. ओडिची अलेक्झांडर या एकाच पिचरने त्या छोट्या संघाला उपांत्य फेरीपर्यंत आणलं होतं. पण तोच ओक्लाहोमा संघ पुढे लांबच्या वाटेने आला, त्याच जेम्स मॅडिसनला दोनदा हरवलं, आणि जिझेल वॉरेझने अंतिम मालिकेचा निर्णायक सामना टाकून विजेतेपद मिळवलं. अलेक्झांडर मैदान सोडताना दोन्हीकडचे प्रेक्षक उभे राहिले होते. तिच्या गुणवत्तेत काही कमी नव्हतं. दंड मात्र एकच होता.

आज टेक्ससने ओक्लाहोमाला ४-२ ने हरवलं, आणि शेवटच्या काही इनिंग टीगन कॅव्हनने सांभाळल्या. टेक्ससचे प्रशिक्षक माइक व्हाइट मूळचे न्यूझीलंडचे, स्वतः नावाजलेले फास्टपिच पिचर. ओरेगन सोडून ते टेक्ससला आले. २०२२ आणि २०२४ या दोन्ही अंतिम मालिका त्यांचा संघ ओक्लाहोमाकडूनच हरला होता. दुसऱ्या सामन्यात टेक्सस टेकने यूसीएलएला ३-१ ने हरवलं.

उन्हाची तयारी आजपासून कडक ठेवा. मे अखेरीस इथे दुपारी पारा ३० अंशांच्या वर जातो, बऱ्याच जागा उघड्यावर आहेत, आणि वारा असल्यामुळे कातडी भाजल्याचं उशिरा कळतं. टोपी, लांब बाह्यांचा पातळ शर्ट, दर दोन तासांनी सनस्क्रीन.

रविवार, १ जून : होम प्लेटवरचा पाय

टेनेसी-यूसीएलए सामना बराच काळ चर्चेत राहील. सातव्या इनिंगमध्ये यूसीएलएच्या मेगन ग्रांटने दोन धावांचा होम रन मारून ४-४ अशी बरोबरी केली. पण स्वागताला जमलेल्या मैत्रिणींच्या घोळक्यात तिचा पाय होम प्लेटवर पडलाच नाही. एका सहखेळाडूने तिला मागे वळवलं आणि मग तिने प्लेटला पाय लावला. टेनेसीच्या प्रशिक्षक कॅरेन वीकली यांनी दाद मागितली. सहखेळाडूने मदत केली का, हा मुद्दा व्हिडिओ तपासणीत बसत नव्हता, म्हणून धावा कायम राहिल्या. टेनेसीने नवव्या इनिंगमध्ये ५-४ असा सामना जिंकला, त्यामुळे वाद तिथेच विरला. शाळेतल्या मुलींना शिकवणाऱ्यांनी एवढं घ्यावं : होम रननंतर प्लेटच्या पुढे कोणी उभं राहायचं नाही, मागे अर्धवर्तुळ करायचं, आणि पाय टेकलेला पाहण्याची जबाबदारी पुढच्या बॅटरची.

संध्याकाळी ओक्लाहोमाने ओरेगनला ४-१ ने बाहेर काढलं.

सोमवार, २ जून : उपांत्य फेरी

वेळापत्रकात आज चार सामने दिसतात, त्यांतले दोन ‘गरज पडल्यास’ खेळायचे. अपराजित संघाने पहिलाच सामना जिंकला की दुसरा होत नाही. आज दोन्हीकडे तसंच झालं. टेक्ससने टेनेसीला २-० ने थोपवलं.

दुसरा सामना या नऊ दिवसांतला सर्वांत चांगला. टेक्सस टेक पहिल्यांदाच या स्पर्धेत आलं होतं, प्रशिक्षक जेरी ग्लास्को यांचंही तिथलं पहिलंच वर्ष. त्यांची पिचर नायजारी कॅनडी. टोपीका, कॅन्सासची ही मुलगी स्टॅनफर्डकडून खेळताना २०२४ ची सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरली आणि दहा लाख डॉलरहून मोठ्या करारावर टेककडे आली. कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये एवढ्या रकमेचं नाव तोवर कोणी घेतलं नव्हतं. टेक २-० ने पुढे असताना सातव्या इनिंगमध्ये ओक्लाहोमाच्या ॲबिगेल डेटनने दोन धावांचा होम रन मारला, बरोबरी. लगेच इनिंगच्या खालच्या अर्ध्यात, म्हणजे टेकच्या बॅटिंगच्या पाळीत, लॉरेन ऑलरेडने आउटफिल्डला उंच फटका मारला, तो झेलला गेला, पण तिसऱ्या बेसवरची खेळाडू झेलानंतर धावत घरी आली. ३-२. सलग चार वर्षांचं राज्य एका सॅक्रिफाइस फ्लायवर संपलं. चेंडूला फिल्डरचा पहिला स्पर्श होईपर्यंत बेसला पाय चिकटलेला हवा. उतावळेपणाने अर्धं पाऊल आधी निघालं तर हीच धाव आउट ठरते.

मंगळवार, ३ जून : विश्रांती

वेळापत्रकातली ही मोकळीक अनुभवातून आली आहे. २०२१ ला पावसाने खोळंबलेले सामने मध्यरात्रीनंतर संपत होते. २०२२ पासून स्पर्धा जास्त दिवसांवर पसरवली. विजेचा नियम माहीत असावा : आठ मैलांच्या आत वीज कडाडली की खेळ थांबतो, आणि शेवटच्या कडकडाटापासून ३० मिनिटं मोजतात. मध्ये पुन्हा कडाडली तर मोजणी पहिल्यापासून. वादळाचा इशारा आला तर जागेवर छत्री उघडून बसू नये, छताखाली किंवा गाडीत जावं. पातळ रेनकोट बॅगेत मावतो.

सकाळी शहरातलं राष्ट्रीय स्मारक पाहावं. १९ एप्रिल १९९५ च्या स्फोटात गेलेल्या १६८ जणांसाठी तिथे १६८ खुर्च्या आहेत. दुपारी नॉर्मनला जाऊन ओक्लाहोमाचं लव्ह्ज फील्ड बाहेरून तरी बघावं : २०२४ ला उघडलेलं, ४,२०० आसनांचं, फक्त सॉफ्टबॉलसाठीचं. जोसलिन आलो आणि लॉरेन चेंबरलेन याच विद्यापीठाच्या. चेंबरलेनचा कारकिर्दीतल्या ९५ होम रनचा विक्रम आलोने २०२२ ला, आपल्या हवाईतच खेळताना मोडला आणि १२२ वर थांबली.

गप्पांत जुन्या प्रशिक्षकांची नावं निघतातच. ॲरिझोनाचे माइक कँड्रिया : १९९१ ते २००७ मध्ये आठ विजेतेपदं, शिवाय २००४ च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या अमेरिकी संघाचे प्रशिक्षक. त्यांची जेनी फिंच २००१ च्या मोसमात ३२ सामने जिंकली, एकही हरली नाही. मिशिगनच्या कॅरल हचिन्स यांनी २००५ ला पहिल्यांदा मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडे करंडक नेला. आणि एका पिचरच्या जोरावर विजेतेपद मिळत नाही असं कोणी म्हणालं की उत्तर तयार असतं : २००७, टॅरिन मोवॅट. ॲरिझोनासाठी तिने आठही सामने टाकले, ६० इनिंग, १,०३५ चेंडू, आणि अंतिम मालिकेत टेनेसीच्या मोनिका ॲबटला मागे टाकलं. उदाहरण खरं आहे. पण आज प्रत्येक बॅटरने प्रत्येक पिचरचे चेंडू व्हिडिओवर घोकलेले असतात. तिसऱ्यांदा समोर आलेली बॅटर आता वाट पाहून बसते.

बुधवार, ४ जून ते शुक्रवार, ६ जून : अंतिम मालिका

सामने संध्याकाळी सातला, म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला. तिसऱ्या सामन्याची खात्री नसते. तो झालाच नाही तर तिकिटाच्या पैशांचं काय, हे विकत घेतानाच वाचावं.

पहिल्या सामन्यात टेक १-० ने पुढे. सहाव्या इनिंगमध्ये टेक्ससच्या दोघी दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर, समोर कॅचर रीस ॲटवुड. तिला मुद्दाम वॉक (चार चेंडू बाहेर टाकून फुकट पहिला बेस) द्यायचं ठरलं आणि तीन चेंडू बाहेर पडलेही. चौथा पुरेसा लांब गेला नाही. ॲटवुडने हात लांबवून तो लेफ्ट फिल्डला ढकलला, दोन धावा, २-१. मुद्दाम वॉकचा चेंडू बॅटच्या टोकापासून दोन हात लांब आणि छातीच्या उंचीवर हवा. पूर्ण वेगाने टाकायची सवय असलेल्या पिचरला संथ चेंडूची दिशा सांभाळणं अवघड जातं, म्हणून हेही सरावात घ्यावं लागतं.

दुसऱ्या सामन्यात टेकने ४-३ ने बरोबरी साधली. खरी गोष्ट धावफलकाबाहेर होती : त्या रात्री व्हाइट यांनी कॅव्हनला बसवून ठेवलं. कॅनडी मात्र पुन्हा पूर्ण सामना टाकत होती. स्पर्धेतला टेकचा प्रत्येक चेंडू तोवर तिचाच होता.

शुक्रवारी पहिल्याच इनिंगमध्ये त्याचा परिणाम दिसला. लीॲन गुडचा तीन धावांचा होम रन, एकूण पाच धावा, आणि त्या इनिंगनंतर कॅनडी बाहेर. टेक्ससच्या बॅटर पहिल्याच चेंडूपासून बॅट फिरवत होत्या, कारण तिचे चेंडू त्यांनी दोन रात्री पाहिले होते. चौथ्या इनिंगमध्ये मिया स्कॉटने बेस भरलेले असताना होम रन मारला, १०-०. गुडघ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) फाटलेला असताना ती खेळत होती, हे सामन्यानंतर कळलं. शेवट १०-४, टेक्ससचं पहिलं विजेतेपद. सर्वोत्तम खेळाडू कॅव्हन : ३१ पूर्ण दोन तृतीयांश इनिंग, आणि पिचरच्या खात्यावर धरली जाणारी एकही धाव नाही. कॅनडीने संघाला इथवर आणलं याचं मोल त्याने कमी होत नाही. टेकला तिच्या जोडीला एक भरवशाची पिचर हवी होती.

निघताना पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण तास धरा. टॅक्सी मागवायची असेल तर गेटपासून थोडं चालत जाऊन मागवावी. पुढच्या वर्षीच्या तिकिटांची चौकशी मोसम सुरू होण्याआधीच करावी, चांगल्या जागा लवकर जातात. आणि २०२८ चा विचार असेल तर एक लक्षात ठेवा : लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं सॉफ्टबॉल कॅलिफोर्नियात नाही, याच डेव्हन पार्कवर होणार आहे.